प्रामाणिक साक्षीदार चुकीच्या माणसाला का ओळखतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जबरी चोरीच्या खटल्यात फिर्यादी महिलेने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत, आरोपीकडे बोट दाखवलं आणि 'हाच तो, हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही' असं सांगितलं. आरोपीशी तिची ओळखदेख नाही, वैर नाही, तिला कोणी पढवलंय असंही वाटत नाही. मग अशा साक्षीदाराला खोटं ठरवायचं कसं? आणि साक्षीदारांच्या स्मृतीवर मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले आहेत, त्यांचा आपल्या सत्र न्यायालयात काही उपयोग होतो का?

पहिली गोष्ट म्हणजे तिला खोटं ठरवायला जाऊच नका. ती खोटं बोलत नाही, हे न्यायाधीशांना दिसतंय, सरकारी वकिलांना दिसतंय आणि तुम्हालाही दिसतंय. मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, आधी सरकार पक्षाकडून आणि नंतर बचावाकडून. माझा अनुभव असा की ओळखीच्या पुराव्यात सर्वांत धोकादायक साक्षीदार प्रामाणिकच असतो. आपल्याला उलटतपास शिकवला जातो तो लबाड साक्षीदार डोळ्यांसमोर ठेवून. जबाबात नव्हतं ते कोर्टात कसं आलं, आरोपीशी जमिनीचा वाद आहे का, पोलिसांनी शिकवलं का, असे प्रश्न आपण विचारतो. प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसापुढे यातलं एकही हत्यार चालत नाही, कारण त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं. त्याला जे आठवतंय तेच तो सांगतोय. प्रश्न त्या आठवणीचा आहे.

1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना एकच होता, फक्त क्रियापद बदललेलं. 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता' असं विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी 40 मैलांहून जास्त आलं. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' असं विचारल्यावर 31.8 मैल. एवढ्यावर कोणी म्हणेल की हा नुसता अंदाजातला फरक आहे. पण त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात 150 विद्यार्थी होते आणि आठवड्यानंतर त्यांना विचारलं गेलं की फुटलेली काच पाहिली का. फितीत काच नव्हतीच. जोरदार शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं, तर नुसतं 'धडकल्या' असा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवणीत काच आणून ठेवली.

आता आपल्याकडचा पोलीस जबाब बघा. साक्षीदार बोलतो त्याच्या बोलीत, रायटर, म्हणजे पोलीस ठाण्यातला लेखनिक, लिहितो त्याच्या भाषेत. 'अंगाने मध्यम, रंगाने सावळा, उंची अंदाजे साडेपाच फूट, वय 25 ते 30' हे वर्णन तुम्ही शेकडो जबाबांत वाचलं असेल, पुढेही वाचाल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर या वर्णनाचे दहा जण उभे सापडतील. शेवटी ठरलेलं वाक्य, 'सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन'. हे साक्षीदार स्वतःहून म्हणाला, की 'पाहिलं तर ओळखाल ना?' या प्रश्नाला त्याने मान हलवली, हे कागदावरून कधीच कळत नाही. कोर्टात सरतपास घेताना सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा, प्रश्न विचारता येत नाही, त्यावर आपण लगेच हरकत घेतो. पण पोलीस ठाण्यात, घटनेनंतर काही तासांत, आठवण सर्वांत ओली असताना जे प्रश्न विचारले जातात त्यांची कुठेही नोंद नसते. घटनास्थळी पंचनामा होण्याआधी कोणी पाय ठेवू नये म्हणून आपण दोरी बांधतो. साक्षीदाराच्या डोक्यात मात्र कोण कोण पाय ठेवून गेलं हे विचारायची पद्धत नाही.

तुमच्या खटल्यात सगळ्यांवर परिणाम झालाय तो तिच्या खात्रीचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात 1984 साली एका 22 वर्षांच्या विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. अत्याचार होत असताना तिने शुद्धीवर राहून, ठरवून, त्या माणसाचा चेहरा निरखला, म्हणजे पुढे त्याला शिक्षा देववता येईल. यापेक्षा चांगला साक्षीदार आपल्याला मिळत नाही. पोलिसांनी फोटो दाखवले. तिने बराच वेळ घेतला आणि रोनाल्ड कॉटन या तरुणाचा फोटो काढून दिला. नंतर प्रत्यक्ष ओळख परेड झाली, म्हणजे संशयिताला इतरांबरोबर रांगेत उभं करून तिला ओळखायला सांगितलं. फोटोंमध्येही होता आणि परेडमध्येही होता असा एकच माणूस, कॉटन. ती दोघांमध्ये अडखळली, मग कॉटनवर बोट ठेवलं. त्यानंतर पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोतही तू यालाच निवडलं होतंस. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिथून पुढे तिला शंका अशी उरलीच नाही. 1987 साली खटला दुसऱ्यांदा चालला तेव्हा खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात आणला गेला होता. तिने त्याला ओळखलं नाही. 1995 मध्ये डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरला तोवर त्याची दहा वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

अडखळणं ते 'जन्मात विसरणार नाही' हा प्रवास कुठे झाला, ते पाहा. घटनेच्या रात्री नाही. नंतर, दुसऱ्यांच्या शब्दांनी. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 मध्ये हेच प्रयोगात दाखवलं. लोकांना दुकानातल्या कॅमेऱ्याची अस्पष्ट चित्रफीत दाखवली, मग फोटो दाखवले. त्या फोटोंत खरा माणूस नव्हताच, म्हणजे ज्याने ज्याने कोणाला निवडलं तो चुकलाच. काहींना निवडीनंतर सांगितलं, 'छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत'. या लोकांना नंतर विचारलं तेव्हा त्यांनी आपली खात्री जास्त असल्याचं सांगितलंच. शिवाय आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिलं होतं, असंही सांगितलं. एका शाबासकीने मागचं सगळं उजळून निघालं. आपण उलटतपासात 'उजेड पुरेसा होता का, किती वेळ पाहिलं, किती अंतरावरून पाहिलं' असे प्रश्न विचारतो तेव्हा हे ध्यानात ठेवा. ती उत्तरंसुद्धा त्याच शाबासकीने रंगलेली असतात. म्हणून उजेड, अंतर आणि वेळ साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध करण्यापेक्षा घटनास्थळाच्या पंचनाम्यातून, विजेच्या खांबाच्या जागेवरून, नकाशावरून सिद्ध करावं.

ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकाने अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या 250 लोकांचे खटले तपासले. त्यातल्या 190 खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. साक्षींच्या नोंदी उपलब्ध होत्या त्या खटल्यांपैकी निम्म्याहून जास्त, 57 टक्के खटल्यांत, कोर्टात ठाम असलेले साक्षीदार पहिल्या वेळी ठाम नव्हते. कोणी आधी दुसऱ्यालाच निवडलं होतं, कोणी 'बहुतेक हाच' म्हणालं होतं, कोणी ओळखलंच नव्हतं.

पण यावरून 'साक्षीदाराच्या खात्रीला काडीची किंमत नाही' असा निष्कर्ष काढू नका. तरुण वकील अशी अर्धी माहिती घेऊन युक्तिवाद करतात आणि अडचणीत येतात. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी 2017 मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र मांडलं. त्याचं सार असं की ओळख पहिलीच असेल, परेड नीट घेतलेली असेल आणि त्या क्षणी साक्षीदार ठाम असेल, तर ती ओळख सहसा बरोबर असते. म्हणजे खात्री कामाची आहे, पण पहिल्या वेळची. कोर्टात तीन-चार वर्षांनी दिसणारी खात्री हा वेगळाच पदार्थ आहे.

आपल्या कायद्याची मोठी अडचण इथेच आहे, आणि मला ती मनापासून खुपते. आपल्याकडे मूळ पुरावा मानली जाते ती कोर्टातली ओळख. तपासातली ओळख परेड ही तिला दुजोरा देणारी, एवढंच तिचं स्थान. 2003 च्या मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे आणि आपण सगळे ते पाठ म्हणतो. स्मृतीचं शास्त्र याच्या बरोबर उलट सांगतं. सर्वांत स्वच्छ पुरावा पहिल्या ओळखीचा असतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा असताना केलेली ओळख सर्वांत गढूळ. सुदैवाने न्यायालयांनी यातून वाट काढली आहे. दाना यादव विरुद्ध बिहार राज्य (2002) मध्ये म्हटलं आहे की अनोळखी आरोपीला आधी परेड न घेता थेट कोर्टात ओळखलं असेल, तर त्या ओळखीवर सर्वसाधारणपणे विसंबू नये. तुमच्या युक्तिवादाचा पाया हाच ठेवा. शास्त्राचं म्हणणं न्यायाधीशांच्या परिचयाच्या निकालातून आलं की ते परकं वाटत नाही.

आता परेडकडे वळू. आपल्याकडे परेड पोलीस घेत नाहीत, विशेष कार्यकारी अधिकारी किंवा नायब तहसीलदार घेतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत त्याची पद्धत दिली आहे. एका संशयितामागे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली, दिसायला आणि वयाने जुळणारी माणसं. एका परेडमध्ये शक्यतो दोनांपेक्षा जास्त संशयित नकोत. जागा आणि कपडे बदलायची मुभा संशयिताला द्यायची. पोलीस तिथे नकोत. यातला प्रत्येक नियम एखाद्या मानसिक धोक्यावरचा उपाय आहे, म्हणून नियम मोडला की नुसतं 'नियमभंग झाला' असं म्हणून थांबू नका. त्याने नेमकं काय बिघडलं ते न्यायाधीशांना समजावून सांगा. राजेश गोविंद जगेशा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1999) मध्ये संशयिताला दाढी आणि लांब केस होते, रांगेतले बाकीचे तसे नव्हते. साक्षीदाराला 'दाढीवाला' एवढंच आठवत असेल तरी त्याचं बोट त्याच माणसावर जाणार. कागदावर रांग सात जणांची, प्रत्यक्षात एकाचीच.

परेडच्या निवेदनात एक जागा मी नेहमी शोधतो आणि ती बहुतेक वेळा कोरी असते. साक्षीदाराला आत बोलावल्यावर नेमकं काय सांगितलं? 'आरोपी रांगेत असेल किंवा नसेलही, नसेल तर तसं सांगा' असं सांगितलं, की 'यातला कोण ते दाखवा' असं म्हटलं? रॉय माल्पास आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी 1981 मध्ये हाच फरक तपासला. खरा माणूस रांगेत नसताना 'नसेलही' असं सांगितलेल्यांपैकी 33 टक्के लोकांनी कोणाला तरी चुकीचं ओळखलं. तो तिथे आहेच, असं गृहीत धरून ज्यांना विचारलं त्यांच्यात हे प्रमाण 78 टक्के झालं. एका वाक्याचा एवढा फरक पडतो. आणि आपल्याकडे तर साक्षीदाराला पोलीस ठाण्यातून फोन जातो, 'आरोपी सापडलाय, ओळखायला या'. तो तुरुंगाच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या मनात निर्णय अर्धा झालेला असतो.

दुसरी उणीव कोणी बोलत नाही ती. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं, ही या संशोधनाची जगभर मान्य झालेली शिफारस आहे. नजर, श्वास, एखाद्या क्रमांकापाशी थोडं जास्त थांबणं, एवढं सुद्धा साक्षीदार नकळत टिपतो. आपण पोलिसांना बाहेर ठेवलं, पण आतला अधिकारी संशयिताचं नाव स्वतःच्या हाताने लिहीत असतो. आणि निवेदनात शेवटी वाक्य येतं, 'साक्षीदाराने अनुक्रमांक चारच्या इसमास हात लावून ओळखले'. हात लावायला किती वेळ लागला? आधी दुसऱ्या कोणापाशी थांबला होता का? काय शब्द बोलला? जे लिहायला हवं होतं तेच नेमकं हरवलेलं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम 54 प्रमाणे साक्षीदार दिव्यांग असेल तर परेडचं चित्रीकरण बंधनकारक आहे. हातातल्या फोनवर चित्रीकरण होऊ शकणाऱ्या काळात ते प्रत्येक परेडला का नसावं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 5 मार्च 2019 चा भोकरदन प्रकरणातला निकाल मुळातून वाचा. जून 2003 मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. वाचलेल्या जखमी आईने पोलिसांकडच्या अल्बममधून चार माणसांचे फोटो दाखवले. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्या दिशेने तपासही गेला नाही. पुढे भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर आरोपी झाले आणि परेडमध्ये, मग कोर्टात, ओळखले गेले. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2009 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

त्या बाईंनी जे सोसलं त्यानंतर त्यांच्या प्रामाणिकपणावर कोण बोट ठेवेल? पण त्यांचं पहिलं बोट ज्या फोटोंवर पडलं होतं, तोच त्यांच्या आठवणीचा सर्वांत ताजा पुरावा होता, आणि तो तपासात मागे पडला. नंतरची ओळख पहिलीची जागा घेऊन बसली. न्यायालयाने निकालात म्हटलं की आरोपी समाजाच्या तळातले, भटक्या जमातीचे असल्यामुळे त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. मला यातून दिसतं ते असं: पूर्वग्रह कोर्टात यायच्या आधीच, रांगेत कोणाला उभं करायचं हे ठरतं तिथे, आपलं काम करून जातो. साक्षीदार फक्त समोर ठेवलेल्यांतून निवडतो.

न्यायाधीशांच्या पूर्वग्रहावरचं संशोधनही युक्तिवादात वापरू का, असं तुमच्या मनात येईल. जपून वापरा. इस्रायलमधला 2011 चा अभ्यास समाजमाध्यमांवर फार फिरतो: पॅरोलचे 1,112 निर्णय, आठ न्यायाधीश, जेवणाच्या सुट्टीनंतर मंजुरीचं प्रमाण साधारण 65 टक्के आणि पुढच्या सुट्टीआधी जवळपास शून्य. पण प्रकरणांचा क्रम योगायोगाने ठरत नव्हता, वकील नसलेले कैदी बहुधा बैठकीच्या शेवटी येत, हे त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं. भारतातल्या सुमारे 50 लाख फौजदारी प्रकरणांवरच्या अभ्यासात न्यायाधीश आपल्या धर्माच्या किंवा लिंगाच्या आरोपीला झुकतं माप देतात असं सरासरीत आढळलेलं नाही. तो अभ्यास कोर्टात आल्यानंतरचा आहे; कोणाला पकडलं जातं हा प्रश्न त्यात येत नाही. भर कोर्टात न्यायाधीशांच्या भुकेबद्दल बोलून तुमच्या अशिलाचं काही भलं होणार नाही.

भीतीबद्दल मात्र बोला. 'एवढी घाबरलेली बाई तो चेहरा विसरेल का?' हा सरकारी वकिलांचा हमखास मुद्दा असतो आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण शिबिरातल्या पाचशेहून जास्त सैनिकांवर अभ्यास केला. अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोरासमोर चौकशी करणाऱ्या माणसाला एक दिवसानंतर प्रत्यक्ष रांगेतून ओळखायचं होतं. सौम्य चौकशीनंतर सुमारे 62 टक्के सैनिकांनी त्याला बरोबर ओळखलं, कठोर चौकशीनंतर सुमारे 30 टक्क्यांनी. ते प्रशिक्षित, निरोगी तरुण होते आणि आपला जीव जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या फिर्यादीच्या गळ्याला चाकू लावला होता. चाकू समोर असताना नजर चेहऱ्याकडून चाकूकडे ओढली जाते, हेही बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियम या नव्या पुरावा कायद्याच्या कलम 39 मध्ये तज्ज्ञांच्या मताची व्याप्ती वाढली आहे, 'इतर कोणतेही क्षेत्र' असे शब्द आले आहेत. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून आणायचा प्रयत्न जरूर करता येईल. पण तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात हे काम आज तरी उलटतपासातच करावं लागतं. त्यासाठी आधी कागद तारीखवार लावा: एफआयआर, पहिला जबाब, पुरवणी जबाब, अटक, कोठडीसाठी कोर्टात हजर केल्याच्या तारखा, वर्तमानपत्रात फोटो आला तो दिवस, परेड. वर्णनातली एखादी खूण, गालावरचा व्रण किंवा तुटलेला दात, पहिल्या जबाबात नसून अटकेनंतरच्या पुरवणी जबाबात उगवली असेल, तर ती कुठून आली असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. अटक आणि परेड यांच्यात किती दिवस गेले, त्या काळात आरोपीचं तोंड झाकलेलं होतं का, स्टेशन डायरीत तशी नोंद आहे का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. पोलिसांनी फोनवर फोटो पाठवला होता का, हेही हल्ली विचारावंच लागतं.

फिर्यादी महिलेला मात्र हळुवारपणे विचारा. तुम्ही खोटं बोलताय असं एकदाही सुचवू नका, आवाज चढवू नका. त्या दिवशी पोलिसांना वर्णन सांगताना तुम्हाला काय आठवत होतं? परेडला बोलावलं तेव्हा काय सांगितलं? आत गेल्यावर लगेच ओळखलंत की थोडं पाहावं लागलं? बाहेर आल्यावर कोणी काही म्हणालं का? प्रामाणिक साक्षीदार या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं देतो. 'साहेब म्हणाले, बरोबर ओळखलंत' हे वाक्य मी साक्षीदारांच्या तोंडून सहजपणे आलेलं ऐकलं आहे. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नाही. ते वाक्य तिच्याच शब्दांत नोंदवून घ्या. न्यायाधीशांनी सारांशाने लिहून घेतलं तर तिथल्या तिथे विनंती करून तिचे शब्द जसेच्या तसे घालून घ्या. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या उलटतपासाला उभे राहाल तेव्हा हेच प्रश्न त्याच क्रमाने त्यांनाही विचारा, आणि दोघांची उत्तरं शेजारी ठेवून युक्तिवाद लिहायला घ्या.